लो-कार्ब (पोळी-भात-साखर कमी) सुरू करतोय, पहिल्या दोन-तीन आठवड्यांचं जेवण कसं बसवू? घरच्याच स्वयंपाकातून हवंय

गोदाकाठची | १७ जानेवारी
नमस्कार सगळ्यांना. मिस्टरांचं चेकअप झालं, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.२ आलंय. डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून डायबेटिस धरतात, त्यामुळे हीच वेळ आहे, खाण्यात बदल करा आणि तीन महिन्यांनी परत रिपोर्ट दाखवा. वय ४७, वजन ८४, बीपीची गोळी चालू आहे, शुगरची अजून कुठलीच नाही. पोळी-भात-साखर कमी करा एवढं सांगितलं, पण मग खायचं काय ते काही नीट कळलं नाही.

आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. घरात सासूबाई, दहावीचा मुलगा आणि आम्ही दोघं. माझंही वजन वाढलंय म्हणून दोघांनी मिळून करायचं ठरवलंय. सध्या सकाळी पोहे नाहीतर उपमा, यांच्या डब्यात चार पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री भाकरी-भाजी आणि वर वरण-भात. रविवारी मिसळ ठरलेली. घरात अंडी चालतात, मटण-चिकन घरात होत नाही, हे बाहेर कधीतरी खातात.

अडचण अशी की नेटवर जे प्लॅन दिसतात त्यात ॲव्होकॅडो, बदामाचं पीठ, चीज असलं काय काय असतं. मी भाजी बुधवारच्या बाजारातून, गंगेवरून (म्हणजे गोदाकाठावरून) आणते, तिथे मेथी, शेपू, गिलकी, दोडकी, वांगी, फ्लॉवर मिळतो. त्यातूनच बसवायचंय. आणि सासूबाई आणि मुलगा नेहमीसारखंच जेवणार, तर दोन-दोन स्वयंपाक मला खरंच जमणार नाहीत. ज्यांनी केलंय त्यांनी पहिल्या आठवड्यांचं सांगा ना प्लीज.

काळा_मसाला
ताई, दोन स्वयंपाक करायची अजिबात गरज नाही, हे आधी मनातून काढून टाका. आमच्याकडे पाच माणसांचं घर आहे आणि मी एकटाच लो-कार्ब आहे, बरीच वर्षं झाली, स्वयंपाक एकच होतो. फक्त ताटातलं प्रमाण बदलतं. आपल्याकडे पोळी-भाकरी हे जेवण आणि भाजी ही तोंडी लावायला, ते उलटं करायचं. भाजी दोन वाट्या भरून, सोबत पनीर, अंडी किंवा उसळ काहीतरी, वाटीभर दही आणि पोळी एक. बस. कुकरमधलं वरण तेच, भाजी तीच, फक्त भाजी दुपटीने करायची आणि पीठ कमी मळायचं.

आता किती कमी करायचं ते. कीटोवाले, म्हणजे अगदी कडक लो-कार्ब करणारे, दिवसाला २० ते ५० ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट, म्हणजे पिष्ट आणि साखर) म्हणतात, त्यात पोळी, डाळ, फळ सगळंच जातं आणि शाकाहारी घरात ते फार दिवस टिकत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. साधारण १३० ग्रॅमच्या खाली आलात तरी त्याला लो-कार्ब म्हणतात. तुम्ही १०० च्या आसपास धरा. अंदाज येण्यासाठी सांगतो, ३० ग्रॅम पिठाची पोळी म्हणजे २० ग्रॅम कार्ब. ज्वारीची भाकरी आपण ६०-७० ग्रॅम पिठाची थापतो, ती ४० ते ४५. शिजलेला भात १०० ग्रॅम घेतला की २८. पोहे ६० ग्रॅम कोरडे भिजवले की ४५ च्या पुढे, बटाटा आणि साखर वेगळी. म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या डब्यातल्या चार पोळ्यांतच ८० झाले.

दिवस असा बसतो बघा: दोन्ही जेवणांत एकेक पोळी ४०, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ १५-२०, भाज्या मिळून १५-२०, दूध-दही १०-१५, अर्धा पेरू नाहीतर तसलंच थोडं फळ ७-८. झाले शंभर. भात पहिले दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवा, कारण भातावर हात थांबत नाही, पोळी मोजता येते.

एक काम करा, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या आणि पहिले काही दिवस पीठ मोजून मळा. आपल्या हाताची पोळी किती ग्रॅमची आहे हे कुणालाच माहीत नसतं. कोणाची २५ ची असते, कोणाची ४५ ची, आणि दोघीही सांगतात की मी दोनच खाते. मळलेल्या गोळ्यात पाण्याचं वजन येतं, ३० ग्रॅम पिठाचा गोळा ४५-५० ग्रॅम भरतो, तेवढा एकदा हाताला कळला की काटा परत कपाटात गेला तरी चालतो.

आणि चहा! कपाला दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर, दोन पोळ्यांइतके कार्ब नुसत्या चहात. सगळ्यात आधी तिथून सुरुवात करा. खारी तर मैदाच आहे.

सिडको_फार्मसी
मी मेडिकलवर बसते त्यामुळे हे लिहिणं मला गरजेचं वाटतं, बाकीचे वाचणारे असतील त्यांच्यासाठी पण.

गोदाकाठची ताई, तुमच्या मिस्टरांना शुगरची गोळी नाही त्यामुळे शुगर एकदम पडण्याची भीती नाही. पण बीपीची गोळी आहे. कार्ब कमी केले की इन्सुलिन उतरतं आणि किडनी जास्त मीठ-पाणी बाहेर टाकते, त्यामुळे बीपी पण खाली येतं. गोळी तीच राहिली तर उठताना चक्कर, डोळ्यासमोर अंधारी असं होऊ शकतं. घरी बीपी मशीन असेल तर पहिल्या महिन्यात रोज एका ठराविक वेळेला मोजून वहीत लिहा आणि खाली यायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, अर्धी पण करू नका.

ज्यांना डायबेटिस आहे आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे त्यांनी डॉक्टरांना न सांगता एक पोळी सुद्धा कमी करू नये, शुगर खरंच धोक्याइतकी खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या शुगरच्या गोळ्या आजकाल खूप लोकांना असतात, त्यांच्यावर असताना कडक लो-कार्ब केलं तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात ॲसिड वाढू शकतं, मळमळ, उलटी, धाप लागते, आणि ते ॲडमिट करण्याचं प्रकरण असतं. नुसती मेटफॉर्मिन असेल तर तितकी काळजी नाही, तरी सांगून करा. किडनीचा त्रास, टाइप १ डायबेटिस, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, ह्यांनी हा धागा वाचून काहीच सुरू करू नका.

गोदाकाठची
बापरे, बीपीचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. मशीन आहे घरात सासूबाईंचं. उद्यापासून लिहून ठेवते.
काळा_मसाला दादा, हिशोब फार छान समजला. आता नाश्त्याचं सांगा कोणीतरी. सकाळी यांना ८ ला निघायचं असतं आणि पोहे हे पंधरा मिनिटांत होतात म्हणून करते.

मेथीची_जुडी
अगं नाश्ता सगळ्यात सोपा आहे. दोन-तीन अंड्यांचं ऑम्लेट, त्यात कांदा, टोमॅटो, मूठभर चिरलेली मेथी किंवा पालक, दहा मिनिटं. ज्या दिवशी अंडी नको त्या दिवशी पनीर भुर्जी. किंवा मूग रात्री भिजत घालून सकाळी आलं-मिरची घालून वाटायचे, त्याचं धिरडं, वरून पनीर किसून. बेसनाचं पण चालतं, ५० ग्रॅम बेसनात २९-३० कार्ब येतात पण सोबत ११ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, पोह्यात ते चारच्या आसपास. प्रोटीनमुळेच बारा-एकपर्यंत भूक लागत नाही, हा फरक पहिल्या आठवड्यातच कळतो बघ.

मी पहिले आठवडे काय केलं ते जसं आठवतं तसं लिहिते, तू तुझ्या बाजाराप्रमाणे बदल.
सोमवारी मेथीची परतून भाजी लसूण घालून, दाण्याचा कूट जरा सढळ, पोळी एक, ताक. रात्री गिलक्याची भाजी आणि मटकीची उसळ, पोळी एक.
मंगळवारी फ्लॉवर-पनीर काळ्या मसाल्यात रस्सा भाजी. रस्सा घट्ट करायला खोबरं, तीळ, कांदा भाजून वाटायचा, आपल्या मसाल्याला ना पीठ लागतं ना बटाटा.
बुधवारी तुझा बाजार, मग रात्री ताजी शेपू मूगडाळ घालून. गुरुवारी वांग्याचं भरीत. कांद्याची पात भरपूर, मिरची ठेचून, शेंगदाणे तेलात तळून वरून, सोबत दही. भरताबरोबर भाकरी हवीच असेल तर अर्धी घे आणि त्या वेळची पोळी सोड.
शुक्रवारी अंडाकरी. शनिवारी दुधी नाहीतर दोडका चणाडाळ घालून आणि रात्री पालक पनीर. चटण्या मात्र रोज, जवसाची, कारळ्याची, तिळाची, त्यात कार्ब कमी आणि तोंडाला चव राहते.

भाताची आठवण यायला लागली की फ्लॉवरचा भात कर. आत्ता थंडीत फ्लॉवर स्वस्त आहे. जाड किसणीवर किसायचा, मिक्सरला लावू नको, लगदा होतो. कढईत तूप, जिरं, हिरवी मिरची, कढीपत्ता, मग कीस टाकून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परतायचा, झाकण ठेवायचं नाही आणि मीठ शेवटी घालायचं, आधी घातलं की पाणी सुटून भाजी होते. गॅस बंद करून वर घट्ट दही कालव. दहीभात खाल्ल्यासारखं वाटतं, आमच्या घरात मुलंपण मागून खातात.

अंबड_शिफ्ट
वाचतोय. मी अंबड एमआयडीसीत आहे, तीन शिफ्टमध्ये काम. कँटीनला भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी, पोळ्या आणि आठवड्यातून दोनदा जिलबी नाहीतर बुंदी. रात्रपाळीला चहा-बिस्किट दोनदा येतं. अशात कसं करायचं?

काळा_मसाला
भाऊ, रात्रपाळीला डबा घरूनच न्यावा लागेल, त्याला पर्याय नाही. उकडलेली तीन अंडी, काकडी-टोमॅटो, मूठभर भाजलेले शेंगदाणे, हे थंड खाल्लं तरी चालतं आणि गरम करायची भानगड नाही. शेंगदाणे ३० ग्रॅमच घ्या, त्यात ७-८ ग्रॅम प्रोटीन असतं पण खात बसलं की कॅलरी पण बऱ्याच जातात. दिवसपाळीला कँटीनमध्ये वरण दोन वाट्या, सॅलड, पोळी एक आणि घरून डब्यात फक्त सुकी भाजी किंवा पनीर. भात-बटाटा सोडायचा. चहा बिनसाखरेचा मिळत नसेल तर थर्मास ठेवा.
रात्रपाळी संपवून सकाळी घरी आलं की वडापाव-मिसळ खाऊन झोपायची सवय असते आपल्याकडे, ती आधी तोडा, बाकीचं हळूहळू होईल.

सिन्नरची_माती
मला हे सगळं पटत नाही. आमचे आजोबा आयुष्यभर बाजरीची भाकरी खाऊन नव्वदीपर्यंत खणखणीत होते. भाकरीला शत्रू कशाला ठरवताय?

काळा_मसाला
दादा, भाकरीला शत्रू कोणीच म्हणत नाहीये. तुमचे आजोबा दिवसभर शेतात राबत होते, त्यांच्या अंगात ती भाकरी जळत होती. आपण खुर्चीवर बसून तेवढीच खातो. आयसीएमआरच्या (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) देशभरातल्या पाहणीत असं आलंय की आपल्या रोजच्या कॅलरीतल्या सुमारे ६२ टक्के नुसत्या कार्बोहायड्रेटमधून येतात, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखरेचा आहे. प्रोटीन त्या मानाने फारच कमी. ज्याची शुगर उंबरठ्यावर आली त्याने हे प्रमाण बदललंच पाहिजे. ज्याचे रिपोर्ट चांगले आहेत आणि अंगमेहनत आहे त्याने दोन भाकऱ्या खुशाल खाव्यात.
फक्त एक गैरसमज काढा, पोळी सोडून भाकरी घेतली म्हणजे लो-कार्ब झालं असं नाही. फायबर जास्त मिळतं हे चांगलंच, पण पिठाला पीठ कार्ब जवळपास तेवढेच.

शरणपूर_रोड
दीक्षित डाएटमध्ये आणि ह्यात फरक काय? आमच्या सोसायटीत निम्मे लोक ते करतात.

मेथीची_जुडी
त्यात दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही खायचं नाही, असं आहे. कधी आणि कितीदा खायचं यावर भर. लो-कार्बमध्ये काय आणि किती यावर भर, वेळा तुमच्या तुम्ही ठरवा. दोन्ही एकदम सुरू करू नका एवढंच म्हणेन, भूक सहन होत नाही आणि मग चौथ्या दिवशी सगळंच सुटतं.

गोदाकाठची | २६ जानेवारी
अपडेट द्यायला आले. पहिले तीन-चार दिवस यांचं डोकं फार दुखलं, चिडचिड पण होत होती, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. वजन मात्र दीड किलो उतरलंय! बीपी आधी १३४/८६ असायचं ते आता ११८/७६ येतंय. आणि पोट साफ होत नाहीये म्हणून तक्रार आहे. हे सगळं नॉर्मल आहे का?

सिडको_फार्मसी
डोकेदुखी, गळल्यासारखं वाटणं, गोळे हे बरंचसं मीठ-पाणी जास्त बाहेर जाण्यामुळे होतं, बहुतेकांना आठ-दहा दिवसांत थांबतं. पाणी वाढवा, दोन्ही जेवणांत ताक द्या, पालेभाज्या रोज पोटात जाऊ द्या, त्यातून पोटॅशियम मिळतं. मीठ मात्र बीपीच्या माणसाला उगाच वाढवून देऊ नका, आधी डॉक्टरांशी बोला. आणि बीपीची वही घेऊन ह्याच आठवड्यात जा, ११८ चांगलंच आहे पण आणखी खाली जायची वाट बघू नका.

दीड किलोचा आनंद घ्या पण त्यातलं बरंचसं पाणी आहे. लिव्हर आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) असतं आणि एकेका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी. ते आधी उतरतं. पुढच्या आठवड्यात काटा हलला नाही तर नाराज होऊन सोडू नका, चरबी हळूच जाते. कंबर मोजा टेपने, ती जास्त खरं सांगते.

पोटासाठी रात्री इसबगोल एक-दोन चमचे भरपूर पाण्यातून. आणि भाजी कमी पडतेय का बघा, बऱ्याच घरात पोळी कमी होते पण भाजी तेवढीच राहते.

गोदाकाठची
हो गं, भाजी तेवढीच होती! दुपारी डब्यात एकच वाटी जात होती. आता मोठा डबा घेतला मेनरोडवरून.
आणखी एक, दिवसाचं प्रोटीन शाकाहारात पुरेल का? हे म्हणतात पावडर आणू का. एका ठिकाणी यांना कीटोचं पीठ पण दाखवलं, किलोला इतके पैसे सांगितले की मी हातच जोडले.

मेथीची_जुडी
काही पावडर नको, पीठ तर अजिबात नको. वजनाच्या किलोमागे पाऊण ते एक ग्रॅम धर, तुझं ६५ असेल तर ५०-६०. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स १५, एक मोठी वाटी दही ६-७, वाटीभर घट्ट वरण ६-७, शेंगदाणे ७, दोन पोळ्या ६. साठ झाले. यांचं ८४ आहे तर यांना वर दोन अंडी, १२ ग्रॅम. पनीर घरीच कर, लिटरभर म्हशीच्या दुधाचं दोनशे ग्रॅमच्या आसपास पडतं, ताजं आणि बाजारापेक्षा मऊ.
आणि मुलाला यात ओढू नको, दहावीचं वर्ष, वाढतं वय, त्याला पोळी-भात पोटभर मिळू दे. साखर-बिस्किट कमी केलं तेवढं पुरे.

दिंडोरीकर
आमची द्राक्षबाग आहे, आता फेब्रुवारी-मार्चला माल तयार होईल. घरात क्रेटच्या क्रेट असतात. आईला शुगर आहे, तिला द्राक्ष द्यायची का नाही ह्यावर घरात रोज वाद.

काळा_मसाला
१०० ग्रॅम द्राक्षात १७-१८ ग्रॅम कार्ब असतात आणि जवळजवळ सगळी साखरच. एक मध्यम घड ३०० ग्रॅमचा धरला तर पन्नासच्या वर गेलं. दहा-बारा मणी वाटीत मोजून, जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी नाही, आणि त्या वेळची पोळी अर्धी. क्रेटसमोर बसून नाही. आईंच्या गोळ्या चालू असतील, तुमच्याकडे ग्लुकोमीटर असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी मोजून बघा, मग वाद घालायची गरज राहणार नाही, आकडाच सांगेल. पेरू मात्र जास्त चांगला, त्यात १०० ग्रॅमला ५ ग्रॅम फायबर असतं.

गोदाकाठची | ९ फेब्रुवारी
डॉक्टरांनी बीपीची गोळी कमी पॉवरची करून दिली. डोकेदुखी गेली. आता संध्याकाळी खारीची आठवण पण काढत नाहीत, शेंगदाणे आणि कोरा चहा.
सासूबाईंनी पहिले दोन-तीन दिवस तोंड वाकडं केलं होतं, आपला मुलगा (म्हणजे हे) उपाशी राहतोय म्हणून, आता त्याच सांगतात आज भरीत कर म्हणून. पण महाशिवरात्र आली आहे. घरात सगळ्यांचा उपास, हे त्र्यंबकेश्वरला जाऊन येतात दरवर्षी. साबुदाणा, भगर, रताळं, बटाटा, उपासाला दुसरं असतंच काय?

मेथीची_जुडी
साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च गं, १०० ग्रॅम कोरड्यात ८७-८८ ग्रॅम कार्ब. प्लेटभर खिचडीत पन्नास-साठ सहज आणि वर बटाटा. भगर पण काही कमी नाही.
आमच्याकडे असं करते: सकाळी दाण्याची आमटी, त्यात आमसूल, जिरं, मिरची, खोवलेलं खोबरं, घट्ट करायची आणि वाटीभर प्यायची. त्यात पनीरचे तुकडे टाकले की जेवणच. काकडीची कोशिंबीर दाण्याचा कूट घालून, तुपाची फोडणी. दही. संध्याकाळी मूठभर मखाणे तुपात परतून. खिचडी घरात सगळ्यांसाठी होणारच, यांनी दोन-चार चमचे प्रसादासारखे घ्यावेत आणि थांबावं. त्र्यंबकला जाताना पिशवीत शेंगदाणे आणि खोबऱ्याचे तुकडे दे, नाहीतर रस्त्यात वेफर्स आणि साबुदाणा वडे दिसतात.

अंबड_शिफ्ट
मी पण चालू केलं, अंड्यांचा डबा नेतो. शिफ्टवरचे तिघं अजून झालेत सोबत. रविवारच्या मिसळचं काय ते कोणी सांगितलंच नाही.

काळा_मसाला
मिसळ सोडू नका भाऊ, नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा म्हणणारा डाएट टिकणार नाही. मटकीची उसळ आणि तर्री, हे दोन्ही चालतं. पाव एक म्हणजे २० ग्रॅम कार्ब, आपण दोन-तीन खातो. हॉटेलात सांगायचं फरसाण वेगळं द्या, मटकी जास्त टाका, दही एक्स्ट्रा, पाव नको. कांदा-लिंबू भरपूर. मखमलाबाद रोडच्या बाजूला मळ्यातल्या मिसळीला पापड देतात, तो एखादा मोडून खा. पहिले दोन आठवडे बाहेर जाऊच नका, घरीच मटकी मोड आणून करा, म्हणजे पावाची सवय मोडते.

गोदाकाठची
आमच्याकडे आता रविवारी घरीच मिसळ होते, मुलाला आणि सासूबाईंना पाव, आम्हाला दही.
एप्रिलच्या मध्याला एचबीए१सी आहे. अजून कुठली टेस्ट करून घेऊ का सोबत?

सिडको_फार्मसी
लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची टेस्ट) नक्की करा, बारा तास उपाशीपोटी. तूप-पनीर वाढलं की काही जणांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वर जातं, काहींचं नाही जात, ते रिपोर्टशिवाय कळत नाही. वर गेलेलं दिसलं तर पनीर-तूप कमी करून शेंगदाणे, जवस, तीळ, सोया, अंडी याकडे वळायचं. क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आणि युरिक ॲसिड पण लिहून घ्या डॉक्टरांकडून. आणि आधीचा रिपोर्ट ज्या लॅबचा आहे तिथेच करा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील.

गोदाकाठची
लिहून घेतलं. रिपोर्ट आला की इथेच टाकते.